आज्ञावली सांगता आली पाहिजे

संगणकाची आज्ञावली, म्हणजेच प्रोग्राम, लिहायला शिकवताना गोष्टीचा आधार घ्यावा हा विचार आता नवा राहिलेला नाही. एमआयटीने २००७ साली खुल्या केलेल्या ‘स्क्रॅच’मध्ये मुले मांजराला चालवतात, बोलवतात, दोन पात्रांची भेट घडवून आणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च प्राथमिक टप्प्यात कोडिंगचा समावेश सुचवल्यामुळे हा विषय केवळ महाविद्यालयांचा उरलेला नाही. गोष्टीतून शिकवण्याचा हेतू स्तुत्यच आहे. मात्र गोष्टीकडून अर्धेच काम करून घेतले जाते, अशी आमची तक्रार आहे.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात केटलिन केलहर यांनी ‘ॲलिस’ या शिकाऊंसाठीच्या प्रणालीची गोष्टीरूप आवृत्ती तयार केली. शाळकरी मुलींच्या एका गटाला ती आणि दुसऱ्या गटाला साधी आवृत्ती दिली. या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. गोष्टीरूप आवृत्ती वापरणाऱ्या मुलींनी आज्ञावली लिहिण्यात ४२ टक्के अधिक वेळ घालवला. ठरलेल्या वेळेबाहेरही गुपचूप काम चालू ठेवणाऱ्या मुली साध्या गटात १६ टक्के होत्या, तर गोष्टीच्या गटात ५१ टक्के. मूलभूत संकल्पना मात्र दोन्ही गटांना सारख्याच समजल्या. गोष्टीने गोडी लावली, समज अधिक वाढवली नाही.

असे का व्हावे? आमच्या मते कारण सरळ आहे. गोष्ट एकदा काय घडले ते सांगते; आज्ञावलीला प्रत्येक वेळी काय घडेल ते सांगावे लागते. मांजर आले, बोलले, निघून गेले, ही एकच वाट झाली. आज्ञावलीतील खरी अडचण वाटा फुटतात तेथे असते.

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून सोडलेले पाणी कराडला कृष्णेत मिसळते आणि पुढे सांगलीच्या आयर्विन पुलाखालून जाते. या पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी मानतात. विद्यार्थ्याने अशी आज्ञावली लिहिली समजा : पाणी ४० फुटांच्या वर असेल तर ‘इशारा’ छापा, नाहीतर ४५ फुटांच्या वर असेल तर ‘धोका’ छापा, नाहीतर ‘सुरक्षित’ छापा. शिक्षकांनी ३८ घालून पाहिले, ‘सुरक्षित’ आले. ४२ घातले, ‘इशारा’ आला. संगणकाने एकही चूक दाखवली नाही. वहीवर सही झाली.

आता याच विद्यार्थ्याला सांगू या, ‘ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या दिवशी तुझी आज्ञावली काय करील, ते आम्हांला गोष्टीसारखे सांग.’ तो सांगू लागेल : पाणी आले ५७, पहिला प्रश्न, ४० च्या वर आहे का? आहे. म्हणून ‘इशारा’ छापला आणि काम संपले. येथे तो स्वतःच थबकेल. धोक्याच्या ओळीपर्यंत गोष्ट पोचतच नाही! मोठ्या आकड्याचा प्रश्न आधी विचारायला हवा, हे त्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

श्रोत्यांनी प्रश्न विचारू लागावे, की आणखी त्रुटी उघड होतात. पाणी नेमके ४५ फूट असेल तर? मोजणाऱ्याने ४४ फूट ९ इंच कळवले तर ते ४४.९ असे भरायचे का? नाही, ते ४४.७५ होते. कोठे किती खुलासा करायचा, ऐकणाऱ्याला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे ओळखणे हेच कथाकथनाचे कौशल्य. ते असलेला मुलगा पातळीला ‘क्ष’ न म्हणता ‘पाणीपातळी’ म्हणेल.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यांच्या नाटकांत पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी करीत. पदे म्हणून कथानक पुढे नेण्याचे काम सूत्रधाराचे असे. आज्ञावली लिहिणाऱ्याला मांजराच्या भूमिकेत शिरण्याइतकेच हे सूत्रधाराचे काम यायला हवे.

चाळीस मुलांच्या वर्गात, एका तासात हे कसे जमायचे, असे शिक्षक विचारतील. जोड्या कराव्यात. एकाने पडद्याकडे न पाहता आपली आज्ञावली मराठीत सांगावी. दुसऱ्याने मध्येच आकडा बदलावा. दहा मिनिटे पुरतात आणि त्यासाठी संगणकही लागत नाही, ही गोष्ट आपल्या अनेक शाळांना सोयीचीच आहे. प्रात्यक्षिकाच्या गुणांपैकी दोन गुण या सांगण्यासाठी ठेवता आले, तर नुसती उतरवून काढलेली आज्ञावली लगेच उघडी पडेल.

गोष्टीतले मांजर राहू द्यावे. त्याने मुले येतात. पण आलेल्या मुलांच्या हातून पुढे कधी एखाद्या गावाला पुराची सूचना देणारी आज्ञावली लिहिली जाईल. पाणी ५७ फुटांवर असताना तिने ‘इशारा’ एवढेच छापून चालणार नाही.