काय-स्क्वेअर लावण्याआधी तक्ता नीट वाचा

प्रबंधांत काय-स्क्वेअरचा तक्ता हमखास सापडतो. 1900 मध्ये कार्ल पिअरसनने मांडलेल्या या चाचणीबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ‘माहिती गुणात्मक आहे, म्हणून काय-स्क्वेअर’ या एका ओळीच्या समर्थनाबद्दल. तेवढ्यावर भागत नाही.

मेंडेलचे वाटाणे घ्या. 7324 बिया, त्यांत 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेल्या. 3:1 प्रमाणाने अपेक्षित 5493 आणि 1831. काय-स्क्वेअर येतो सुमारे 0.26, म्हणजे 5 टक्के पातळीच्या 3.84 पेक्षा कितीतरी कमी. 3:1 नाकारायला कारण नाही. (‘सिद्ध झालं’ असं लिहू नका बरं का!) इथे चाचणी चपखल बसते, कारण प्रत्येक बी मोजलेली आहे आणि ती एकदाच, एकाच खान्यात पडते.

आता टक्केवारी. 20 जणांपैकी 12 ‘हो’, 8 ‘नाही’. मतं समसमान धरली तर अपेक्षित 10-10 आणि काय-स्क्वेअर 0.8. फरक लक्षणीय नाही. हेच कोणी 60 आणि 40 टक्के म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भरलं, की उत्तर येतं 4. लगेच ‘लक्षणीय फरक’! जास्तीची 80 माणसं आली कुठून?

याहून गंभीर प्रकार म्हणजे कार्यशाळेआधी आणि नंतर त्याच 50 विद्यार्थ्यांना तोच हो-नाही प्रश्न विचारायचा आणि तक्त्याची बेरीज 100 दाखवायची. माणसं 50च आहेत हो! प्रत्येक जण दोनदा मोजलाय, निरीक्षणं स्वतंत्र राहिलीच नाहीत. इथे मॅकनेमार चाचणी हवी. ती फक्त उत्तर बदललेल्यांकडे बघते: किती जण ‘नाही’वरून ‘हो’वर आले आणि किती उलटे गेले. प्रश्नावलीत ‘लागू असतील ते सर्व पर्याय निवडा’ असेल, तरी अडचण हीच.

‘5 पेक्षा कमी नको’ हा नियम मात्र सगळ्यांना पाठ, आणि तोही चुकीच्या आकड्याला लावतात. निरीक्षित 2 आणि अपेक्षित 7 असेल तर काही बिघडत नाही. अपेक्षितच लहान असेल आणि तक्ता 2×2 असेल, तर फिशरची एक्झॅक्ट टेस्ट वापरा. पर्याय एकत्र करायचे असतील तर ते माहिती बघण्याआधी ठरवा, पी-व्हॅल्यू आवडली नाही म्हणून नव्हे.