फुली-गोळ्यातील पुंजयामिकी : उपयोग आणि उणीव

अलिबागच्या पुळणीवर काटकीने नऊ घरे आखून फुली-गोळा खेळता येतो. ॲलन गॉफ यांनी याच खेळाला पुंजयामिकीतील अध्यारोपण शिकविण्याचे साधन बनविले (‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’, २००६). त्यात प्रत्येक खूण एकाच वेळी दोन घरांत मांडली जाते. घरे परस्परांत गुंतून वर्तुळ पूर्ण झाले की खुणा एकेका घरात स्थिरावतात. पुंज संगणकातील क्युबिट ० आणि १ यांच्या संमिश्र अवस्थेत कसा असतो, हे नवशिक्याला सूत्रांविना सुचविणे, हे लहान यश नव्हे. मात्र खुणा कोठे स्थिराव्यात हे येथे प्रतिस्पर्धी ठरवितो. निसर्गात मापनाचे फलित कोणीही निवडत नाही. याहून गंभीर उणीव व्यतिकरणाची आहे. खेळातील दोन शक्यता एकमेकींना कधीच पुसत नाहीत. पुंज संगणनाचे सामर्थ्य तर चुकीच्या उत्तरांकडे नेणाऱ्या वाटा परस्परांना रद्द करण्यावरच अवलंबून असते. परिणामी, अध्यारोपण म्हणजे केवळ ‘ठाऊक नसणे’, असा विद्यार्थ्याचा समज होण्याचा धोका राहतो. वस्तुतः पट जेथे आखला, त्याच किनाऱ्यावर एका लाटेचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात विरताना दिसतो. डाव संपल्यावर शिक्षकाने तिकडे लक्ष वेधणे आवश्यक ठरते. खेळाच्या नियमांत ते दृश्य बसलेले नाही.