संकासुराचा काळा रंग

धुराने कोंदलेली ओस गोदामे, पांढऱ्या-काळ्या रंगाने माखलेले चेहरे, अरण्य आणि हिम हा मेटल संगीताच्या चित्रफितींचा ठरीव साज कोणी फर्मान काढून लादलेला नव्हता. 1990 नंतर नॉर्वेतील बर्गनच्या ‘इम्मॉर्टल’ या बँडने कॅमेरा रानात नेला, तो ते रान त्यांच्याच मुलखातले होते म्हणून. हा साधा तपशील विसरल्यामुळे आपल्याकडच्या कित्येक चित्रफिती परक्या थंडीने कुडकुडताना दिसतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कारण वादनात मुंबईची मेटल वाजविणारी मंडळी कोणाची मिंधी नव्हती. जुहू तारा रस्त्यावरच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसेरस’मध्ये ज्यांनी हे संगीत समोर उभे राहून ऐकले, त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. 2000 साली उभ्या राहिलेल्या ‘डिमॉनिक रेझरेक्शन’ने पुढे 2017 मध्ये ‘दशावतार’ हा संग्रह काढला आणि आरंभ मत्स्यापासून केला. विषय घरचा सापडला. दृश्याची तजवीजही घरीच होती.

तळकोकणातल्या दशावतारी खेळात वेद पळविणारा, मत्स्यरूप विष्णूशी झुंजणारा संकासुर पायघोळ काळ्या वेषात, काळ्या मुखवट्यात येतो. देवळाच्या आवारात, पेटाऱ्याशेजारी मांडी घालून, लहानशा आरशात पाहत प्रत्येक नट आपला रंग आपणच चढवितो. कृष्णवर्णाचे भय, पखवाजाचा घाव, रात्रभराचे जागरण, हे सारे आपल्यापाशी असताना उसना पांढरा-काळा मृतवर्ण कशाला? ‘जूडास प्रीस्ट’ने 1980 साली चित्रफितीत गिटारी रोखून बँक लुटली, ती संकेताची खेळकर मोडतोड होती, ब्राझीलच्या ‘सेपल्टुरा’ने 1996 मध्ये ‘रूट्स ब्लडी रूट्स’मध्ये कापोएरा आणला, ते काम अधिक अवघड आणि मला अधिक मोलाचे वाटते.

म्हणून माझी चित्रफीत जुहूच्या किनाऱ्यावर, आषाढी अमावास्येच्या भरतीला घडेल. मासेमारीच्या बंदीमुळे मोरागावच्या होड्या तेव्हा वर ओढून झाकलेल्या असतात. त्या काळ्या ओळीपुढे वादक उभे राहतील. परवान्यांची दफ्तरदिरंगाई आधीच उरकावी, कारण भरती दुसऱ्या दिवशी सुमारे 50 मिनिटे उशिरा येते आणि राहिलेले दृश्य त्याच उजेडात पुन्हा मिळत नाही. संथ गतीचा मोह मात्र टाळावा: त्यासाठी चित्रीकरणाच्या वेळी गीत दुप्पट वेगाने वाजवावे लागते, आणि आधीच भरधाव धावणाऱ्या जोडपायी ढोलाला ते कोणत्याही वादकाच्या घोट्यांना पेलणारे नाही. संथ चालेल तो एकटा संकासुर, गुडघाभर पाण्यात, पाठ शहराकडे करून. आणि त्याच्या मुखवट्यावरून खारे पाणी निथळेपर्यंत कॅमेरा तिथून हलणार नाही.