स्मरणचित्राचा तास

निवृत्तीनंतर पुन्हा ब्रश हाती धरणाऱ्यांचे आपण फार लाड करतो. ‘या वयात किती छान!’ म्हणून मोकळे होतो आणि त्या कौतुकात चित्र पाहायचेच राहून जाते.

मीही त्यांतलाच. शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेला आणि पुढे पोटामागे लागून रंगपेटी माळ्यावर टाकलेला. परवा एकलहऱ्याच्या घरी ती खाली काढली आणि गोदाकाठचा घाट रंगवला. घरच्यांनी वाहवा केली. चित्र भिंतीवर लागले. चार दिवसांनी ध्यानात आले, की हा घाट कॅलेंडरांवरून पाठ झालेला आहे. नाशिकच्याच शिवाजी तुपे यांची जलरंगातली निसर्गचित्रे आठवावीत. त्यांत ऊन दिसते. माझ्या घाटावर नुसता पिवळा रंग होता.

रवींद्रनाथांच्या लहानपणी चित्रकला शिकवायला घरी मास्तर येत. पण चित्रांनी त्यांना खऱ्या अर्थाने गाठले ते साठीच्या सुमारास. हस्तलिखितातल्या खोडलेल्या ओळी एकमेकींना जोडता जोडता त्यांतून पक्षी, मुखवटे, चमत्कारिक श्वापदे निघाली. १९३० साली पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन भरले, तेव्हा ते सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. मास्तरांचा धडा त्यांनी पुन्हा गिरवला नाही. मधल्या आयुष्याची सारी खोडाखोडच कागदावर आली. आपल्याकडचे अमोल पालेकर जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, ‘रजनीगंधा’ (१९७४) या चित्रपटाने घरोघरी पोचले आणि उतारवयात कॅनव्हासकडे परतले. त्यांच्या चित्रांत पडद्यावरचा ओळखीचा साधाभोळा नायक शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. तिथे अमूर्त रंगाकारच भेटतात.

आमच्या परीक्षेत वस्तुचित्राबरोबर स्मरणचित्राचाही पेपर असे. समोर काही ठेवलेले नसे. पाहिलेले आठवून काढायचे. उतारवयातली चित्रकला हाच तो पेपर, असे मला वाटते. विद्यार्थ्याजवळ तेव्हा हात होता, पण आठवायला फारसे काही नव्हते. आता हात थोडा कापतो; पण आठवणींना तोटा नाही. मग एकलहऱ्याच्या माणसाने वीजकेंद्राच्या उंच चिमण्या, राखेचा करडा रंग, रातपाळीहून परतणारी माणसे सोडून कॅलेंडरचा घाट का रंगवावा?

या दिवाळीत घरच्या आजोबांनी किंवा आत्याबाईंनी चित्र दाखवले, तर ‘छान’ म्हणून थांबू नका. ‘हे कुठे पाहिलेत?’ असे आवर्जून विचारा. माझ्या नातीने तेच विचारले. घाट मी भिंतीवरून उतरवला आहे. खिळा मात्र ठेवला आहे.