जॉन चाचा आणि चेऊलकर

'बूट पॉलिश' (१९५४) हा चित्रपट वाचक शिक्षकांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यातला जॉन चाचा दोन पोरक्या भावंडांना भीक न मागता कष्ट करून जगायला शिकवतो. या भूमिकेबद्दल डेव्हिड यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. चित्रपट सहृदय आहे, यात शंका नाही. पण जॉन चाचाचे पोट कशावर चालते? चोरट्या दारूवर. हिंदी चित्रपटात ख्रिस्ती माणूस आला की बहुधा बाटलीही येते, आणि इतक्या भल्या चित्रपटालाही हा साचा मोडता आला नाही, ही आमची तक्रार.

गंमत अशी की डेव्हिड ख्रिस्ती नव्हतेच. डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे ठाण्यात जन्मलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. चेऊलकर म्हणजे चौलचे. प्रेक्षकांनी त्यांना ख्रिस्ती मानले ते पात्राच्या नावामुळे आणि वेषामुळे. उलट बिमल रॉय यांच्या 'यहुदी' (१९५८) मध्ये एझरा हा यहुदी साकारला तो सोहराब मोदी या पारशी नटाने. दाढी, झगा आणि रत्नांचा व्यापार एवढ्यावर यहुदी उभा राहिला! कथा प्राचीन रोमची आहे, हे मान्य. पण कोकणातले बेने इस्रायली पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. असा यहुदी आपल्या पडद्यावर फारसा आलाच नाही.

त्याचा परिणाम वर्गात दिसतो. डोंबिवलीच्या एका वर्गात आम्ही फळ्यावर पेणकर, चेऊलकर, दिवेकर, किहीमकर अशी आडनावे लिहिली आणि धर्म विचारला. सगळा वर्ग एका सुरात "हिंदू" म्हणाला. (उत्तर अगदीच चूक नाही, यांतली काही आडनावे हिंदूंतही आहेत.) ठाण्याला टेंभी नाक्याजवळ १८७९ साली बांधलेले सिनेगॉग आहे, हे सांगितल्यावर एका मुलीने विचारले, "पण मग ते आपल्यासारखेच कसे दिसतात?"

प्रश्न उत्तम आहे, आणि शास्त्राकडे त्याचे उत्तरही आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्रायलींमध्ये स्थानिक भारतीय आणि पश्चिम आशियातील यहुदी असे दोन्ही वारसे आढळले. भारतीय वारसा अधिक करून स्त्रियांकडून आलेला आहे. म्हणजे बाहेरून आलेले थोडे लोक इथल्या कुटुंबांत मिसळले. चेहरा आणि वर्ण हा जनुकसंचाच्या लहानशा भागाचा परिणाम. त्यावरून सगळी वंशावळ वाचता येत नाही, मग धर्म कसा वाचता येणार? धर्म काही जनुकांत नसतो.

चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची ही खोड आपल्यापुरतीच नाही. यातले अनेक जण १९४८ नंतर इस्रायलला गेले. तिथे १९६२ मध्ये मुख्य रब्बींच्या मंडळाने फतवा काढला, की बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. इथे ज्यांना कोणी यहुदी म्हणून ओळखत नव्हते, त्यांना तिथेही आपण यहुदी असल्याचे सिद्ध करायला सांगितले गेले. १९६४ साली त्यांना जेरुसलेममध्ये धरणे धरावे लागले, तेव्हा कुठे त्यांचे नाव घेऊन घातलेली ती अट निघाली.