अरण्यवाङ्मय आणि धानाची बांधी

आलापल्ली हें नांव निघालें म्हणजे सुशिक्षित मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढें सागवान उभें राहतें. हें स्वाभाविकच आहे. तेथील ‘वनवैभव’ हा जुन्या सागवृक्षांचा राखीव भाग २०१४ सालीं जैवविविधतेचें वारसास्थळ म्हणून जाहीर झाला. त्यापूर्वींहि ह्या लांकडाची कीर्ति दूरवर पोहोंचलेली होती. परंतु ह्याच गांवाहून अहेरी, सिरोंचा, एटापल्ली व भामरागड ह्या दिशांस रस्ते फुटतात, सुरजागडचें लोहखनिज ह्याच वाटेनें बाहेर जातें, आणि ह्या मुलुखांत रानाला लागून धानाच्या बांध्या आहेत, हें चित्र त्या वाचकाच्या मनांत सहसा उमटत नाहीं. ह्याचा दोष वाचकाकडे थोडा, आणि ज्या वाङ्मयानें त्याला अरण्य दाखविलें त्याजकडे अधिक, असें आमचें मत आहे.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. वस्ती वाढूं लागली कीं रस्त्यालगतचें शेत आधीं बिनशेती होतें, हा अनुभव पुण्या-नाशिकच्या वाचकांस नवा नाहीं. तथापि पुण्याच्या कडेचा भाजीमळा गेला तर भाजी आणखी दहा कोसांवरून येते. घेणारा चार पैसे अधिक देतो आणि विसरून जातो. आलापल्लीच्या बाजूस तसें नाहीं. तेथें धानाचें पीक मुख्यतः पावसावर, बहुधा वर्षांतून एकदांच. उरलेल्या दिवसांत रान हात देतें. चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें, मागाहून चारोळी व तेंदूचीं फळें, मोहाच्या बियांचें तेल, पावसाळ्यांत बांबूचे कोंब, अळंबी, रानभाज्या, आणि ओढ्यांतील मासे. बांधी आणि रान हीं एकाच कोठाराचीं दोन दालनें होत. एक मोडलें कीं दुसऱ्यावर भार पडतो. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें पात्र कुटुंबांस दरमहा माणशीं ५ किलो, व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळतें. हा आधार लहान नव्हे. पण तेल, भाजी व मासळी ह्यांची जागा त्या धान्यानें भरून निघत नाहीं.

आतां वाङ्मयाकडे वळूं. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘नागझिरा’ ह्या पुस्तकाइतकी शांत व निर्लोभ दृष्टि मराठी गद्यांत विरळा. परंतु १९५५ च्या ‘बनगरवाडी’त दुष्काळानें गांव कसें उठून जातें हें ज्यांनीं दाखविलें, तेच लेखक अरण्यांत शिरतांच पाहुणे होतात. अभयारण्यांत शेती दिसावी कोठून, असा आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. आमची तक्रार त्या पुस्तकाविरुद्ध नाहीं. त्यांतील पाहुण्याची नजर हीच अरण्याकडे पाहण्याची एकमेव नजर होय, असें आमची अभिरुचि मानूं लागली, तिच्याविरुद्ध ती आहे.

डॉ. प्रकाश आमटे यांचें २००९ सालचें ‘प्रकाशवाटा’ घ्या. आलापल्लीवरून भामरागडकडे जाणाऱ्या वाटेवर हेमलकसा येथें १९७३ सालीं लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला. तेथील प्राण्यांच्या अनाथालयाची जन्मकथा घरोघर ठाऊक आहे: शिकार करून परतणाऱ्या माडियांजवळ मेलेलें माकड होतें, आणि त्याला बिलगलेलें जिवंत पिलूं होतें. डॉक्टरांनीं तें पिलूं मागून घेतलें. ही कथा सांगतांना आपण पिलावर थांबतों. तें माकड शिजवून खाण्यासाठीं मारलेलें होतें, हा कथेचा अर्धा भाग आपल्या हातून गळून जातो. ग्रंथकारांनीं भूक लपविलेली नाहीं. वाचकांनीं बिबट्या तेवढा लक्षांत ठेविला. रुग्णालयाच्या आधीं पोटाचा प्रश्न होता, हें ज्याला ह्या पुस्तकांत दिसलें नाहीं, त्यानें तें अर्धेंच वाचलें असें आम्ही म्हणूं.

तिसरें पुस्तक श्री. मिलिंद बोकील यांचें ‘गोष्ट मेंढा गावाची’ हें २०१२ सालचें. मेंढा हें गांव ह्याच गडचिरोली जिल्ह्यांत, धानोरा तालुक्यांत आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं त्याला २००९ सालीं सुमारें १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ग्रंथाचा भर ग्रामसभा, सर्वसहमति व बांबू ह्यांवर आहे. चुलीपर्यंत तो अधिक वेळां जाता तर आम्हांस बरें वाटतें. तरी येथें प्रथमच रानाचा धनी रानाविषयीं बोलतांना ऐकूं येतो. पुढें २०१३ सालीं ह्या गांवानें ग्रामदान कायद्याच्या मार्गानें आपली शेतजमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचें ठरविलें. एकट्यादुकट्याला गांठून बांधी विकत घेण्याची वाट बंद करण्याचा हा उपाय आहे. वाढत्या शहरांच्या कडेस शेत कसें राखावें ह्या चर्चेंत मेंढ्याचें नांव फारसें निघत नाहीं, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें.

कोणी म्हणेल, वाङ्मयानें रस द्यावा, शिधा मोजूं नये. आम्हांस हा भेद मान्य नाहीं. जें वाङ्मयांत कधीं दिसलें नाहीं, तें नाहींसें झालें तरी सुशिक्षित समाजाला चुकल्यासारखें वाटत नाहीं. सागवृक्ष तोडला तर आपण हळहळतों, कारण त्याचें वर्णन आपण वाचलेलें आहे. बांधीवर मुरूम पडला तर तिच्यासाठीं आपल्याजवळ शब्दच नसतो. रस्ता, खाण व वसाहत ह्यांचे निर्णय ज्या सभांतून होतात तेथें हेच वाचक बसलेले असतात. म्हणून अरण्यावरील पुस्तक हातीं आलें असतां, येथें कोण काय खातो व तें कोठून आणतो, हा प्रश्न समीक्षकानें अवश्य विचारावा.

आणि रस म्हणाल तर तोहि येथें आहे. चंद्रपूर जिल्ह्यांतील नागभीड तालुक्यांत, नांदेड नांवाच्या गांवीं, दादाजी खोब्रागडे ह्या अल्पभूधारक शेतकऱ्यास १९८३ सालीं आपल्या धानांत कांहीं वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनीं निवडून, जपून, वर्षांमागून वर्षें पेरल्या. मनगटी घड्याळाच्या नांवावरून ‘एचएमटी’ म्हणून ओळखला जाणारा बारीक तांदूळ तो हाच. २०१८ सालीं दादाजी वारले; त्यांचा तांदूळ शहरांतील पानांत अद्याप वाढला जात आहे. त्या लोंब्या ज्या बांधींत सांपडल्या, तसल्या बांधीचें वर्णन आमच्या लेखकांनीं सागाइतक्याच प्रेमानें करावें, एवढीच आमची अपेक्षा आहे.