सुनीताच्या चौदा ओळी

‘सुनीताचीं लक्षणें सांगा,’ हा प्रश्न आम्हीं आजवर किती वेळां परीक्षेस घातला असेल, तें मोजण्याचें धैर्य आम्हांस होत नाहीं. उत्तरही ठरलेलें : ओळी चौदा, पहिल्या आठांचा एक गट, उरलेल्या सहांचा दुसरा. पूर्ण गुण देऊन आम्ही मोकळे होतों.

केशवसुतांनीं १८९२ सालीं ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहिलें, तेव्हां ‘सुनीत’ हें नांवही मराठींत रूढ नव्हतें. इंग्रजी सॉनेटचा बांधा त्यांनीं कां उचलला, हें तो विषयच सांगतो. शहाजहानानें घडविलेल्या दोन वस्तु. त्यांतील सिंहासन १७३९ सालीं नादिरशहानें लुटून नेलें, आणि कबर यमुनाकांठीं उभी आहे. असा विचार चालतां चालतां मध्येंच वळतो, आणि त्या वळणासाठींच आठ-सहांची ती वाट आहे. वळण हा सुनीताचा प्राण. चौदा हा त्याच्या घराचा नुसता क्रमांक!

पुढें १९२३ सालीं पुण्यांत रविकिरण मंडळ निघालें. मंडळाचे उपकार आम्ही विसरत नाहीं. कवितेस त्यानें श्रोते मिळवून दिले, आणि माधव ज्यूलियनांसारख्या पंडित कवीच्या हातीं सुनीतास बळही आलें. परंतु बैठकीस आणि मासिकास कविता वेळच्या वेळीं लागते; वळण कांहीं वेळेवर येत नाहीं, चौदा ओळी मात्र येतात. शिवाय मासिकाच्या उरलेल्या अर्ध्या पानांत सुनीत नेमकें बसतें, ही सोय संपादकांच्या फारच पथ्यावर पडली. (तें काम आम्हीही कांहीं काळ केलें आहे.) अनुकरण करणाऱ्यांस तर आठवी ओळ संपल्यावर ‘परी’ लिहिलें कीं वळण झालें असें वाटूं लागलें.

अत्र्यांनीं ‘झेंडूचीं फुलें’ १९२५ सालीं काढलीं, तेव्हां केशवसुतांच्या ‘आम्ही कोण?’ ह्या सुनीताच्याच सांगाड्यावर त्यांनीं मासिकांत फोटो छापून घेणारा कवि बसविला. तो तेथें इतका चपखल बसला, ह्यांत अत्र्यांचें कौशल्य आहेच. पण सांगाडा तोंवर रिकामा झाला होता, हेंही आहे.

गेल्या वर्षीं एका विद्यार्थिनीनें आम्हांस बारा ओळींची कविता दाखविली. नवव्या ओळीशीं ती अशी वळली होती कीं आम्ही क्षणभर गप्प राहिलों. मग संवयीनें म्हणालों, ‘दोन ओळी कमी आहेत.’ दुसऱ्या दिवशीं तिनें त्या घालून आणल्या.